सुरूची फांदी, सरकीचं झाड

दुधात पाणी आहे का, हे बघण्यात माझी हयात गेली. नगरच्या एका डेअरीत मी नमुने तपासायला होते. गवळी जितका गोड बोलायचा तितका मी त्याचा कॅन जास्त ढवळायची. निवृत्त झाले तेव्हा कॅन गेले, खोड राहिली. आता मी गोष्टी तपासते.

आमच्या चर्चच्या मंडळीचं एक छोटं मासिक निघतं. त्यात दर डिसेंबरला मी नाताळच्या सजावटीचं मूळ शोधणारा लेख लिहिते आणि दर जानेवारीला दोनचार माणसं माझ्याशी बोलणं सोडतात. मेणबत्त्यांची ती लाडकी गोष्ट घ्या. एक जर्मन धर्मसुधारक रानातून चालला होता, झाडांच्या फांद्यांतून त्याला चांदण्या दिसल्या, म्हणून घरी येऊन त्याने झाडाला मेणबत्त्या लावल्या. गोड आहे. पण त्याच्या काळातल्या कोणी हे लिहून ठेवलेलं नाही. गोष्ट उगवली ती कितीतरी पिढ्यांनंतर. काचेच्या गोळ्यांचंही तेच. सफरचंदं घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून एका गरीब काचकामगाराने फुंकून काचेची फळं केली म्हणे. जिथे 'गरीब' आणि 'म्हणे' एकाच वाक्यात येतात, तिथे मी लॅक्टोमीटर बुडवते.

तर यंदा लेख छापून आल्यावर मला वाशीम जिल्ह्यातून, रिसोडहून, तिथल्या चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला. तिथे अगदी लहान मंडळी आहे, हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी घरं. तिथल्या चर्चमध्ये नाताळला सूचिपर्णी झाड उभं करत नाहीत, पऱ्हाटी उभी करतात. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड, बोंडांसकट. फुटलेला कापूस हाच बर्फ. मार्थाबाई नावाच्या एक आजी ते झाड वर्षानुवर्षं सजवतात.

"आमच्या पंचांनी यंदा नवीन झाड आणलंय," पाळकसाहेब म्हणाले. अगदी स्वच्छ, पुस्तकी मराठी. "आजी ऐकत नाहीत. त्यांचं म्हणणं, पऱ्हाटीची प्रथा जुनी आहे, ख्रिस्ती आहे. मला शंका आहे. मूर्तिपूजेतून आलेलं काही मी चर्चमध्ये ठेवणार नाही. तुम्ही या, बघा. तुम्ही सांगाल ते मला मान्य आणि आजींनाही मान्य."

दुसऱ्याच्या संशयावर शिक्कामोर्तब करायला मिळणं, यासारखा आनंद नाही. मी बॅग भरली.

रिसोड

एसटीतून उतरले तेव्हा बाजारात सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्प्या लागल्या होत्या आणि हवेत भुसा होता. वाटेत मी खिडकीला नाक लावून बसले होते, आणि माझा पहिला संशय तिथेच पक्का झाला होता. दोन्ही बाजूंना हरभरा, तूर, पुन्हा हरभरा. कपाशी औषधालासुद्धा नाही. मग दर डिसेंबरला बोंडांनी लगडलेलं झाड येतं कुठून? पाळकसाहेबांनी गेल्या वर्षीचा फोटो पाठवला होता. त्यातली पऱ्हाटी अशी पांढरीशुभ्र होती की मला त्या फोटोत गोंद दिसायला लागला.

माझी सोय मार्थाबाईंकडेच होती; त्या दारातच उभ्या होत्या. सत्तरीच्या, उंच, काटक, पदर खांद्यावरून घट्ट ओढून खोचलेला. मला त्यांनी पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. मीही तेच करत होते.

"या माय, बसा. लय दुरून आल्या. तुमी आमचं झाड तपासाले आल्या म्हनते."

"बघायला आले," मी म्हटलं.

"पाहाले नाई, तपासाले. पाळकानं सांगतलं मले. पुरावा आना म्हने. झाडाले कायचा पुरावा असते?"

जेवायला ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी होती. तिला इकडे सोल्याची आमटी म्हणतात. ज्वारीची भाकरी, हरभऱ्याच्या कोवळ्या पानांचा तेल-मीठ-तिखट लावून कालवलेला घोळाणा. आमच्या नगरला हरभऱ्याची भाजी शिजवल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही. मी आधी पानं उलटी करून बघितली. मार्थाबाईंनी ते पाहिलं.

"अळी नाई त्यात. मीच खुडली."

घोळाणा इतका चांगला होता की मला स्वतःचा राग आला. तरी दुसऱ्यांदा वाढून घेताना पुन्हा पानं उलटी केलीच.

मग त्यांनी प्रथेची गोष्ट सांगितली. फार वर्षांपूर्वी एक मॅडम विलायतेहून इथे आली. नाताळ आला, पण बर्फ नाही. मॅडम उदास झाली, जेवेना. एका सकाळी तिने खिडकीतून कपाशीचं वावर पाहिलं, पांढरंशुभ्र फुटलेलं. ती धावत गेली, एका झाडाला मिठी मारली आणि ढसाढसा रडली. तेव्हापासून नाताळला पऱ्हाटी.

मार्थाबाई 'मी सांगतो', 'मी पाह्यलं' असं बोलत होत्या. वऱ्हाडात बाया असंच बोलतात. आमच्याकडे मुलीने 'मी जातो' म्हटलं तर आई पाठीत धपाटा घालायची. पण मी ऐकत होते ती गोष्ट, आणि ती गोष्ट मला मुळीच पटत नव्हती. रडणारी मॅडम, खिडकी, मिठी. दुधात इतकी साय दिसली की समजावं, वरून टाकली आहे.

"मॅडमचं नाव काय होतं?"

"मॅडमच होती ते."

"आणि डिसेंबरच्या शेवटी वावर पांढरंशुभ्र कसं? तोवर तर वेचणी होऊन जाते."

मार्थाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. "तुमी शेती करता काय?"

"नाही."

"मंग जेवा."

जेवणानंतर त्यांनी सजावटीची पत्र्याची पेटी काढली. कागदी चांदण्या, बोरांच्या माळा करायला दोरा आणि सुया, लाल कापड. आणि तळाशी निळ्या कागदात गुंडाळलेली जाड सुरळी. ती मी लगेच ओळखली. औषधाच्या दुकानात मिळणारा, जखमेवर लावायचा कापूस.

"हा काय?" मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण डेअरीत असाच चढायचा.

"कापूस."

"दवाखान्यातला!"

"मंग? झाड गाडीतून येते. गचके बसले का बोंडं गळतात. जिथी गळलं तिथी ठिगळ लावा लागते. तुमच्या नगरात फाटलं त शिवत नाई काय?"

सापडलेली भेसळ अशी हातातून निसटताना मी पहिल्यांदाच बघत होते. खरं सांगायचं तर जर्मनीत आणि इंग्लंडातही लोक कापसाच्याच सुरळ्या सोडून झाडावर बर्फ म्हणून पसरत. त्यातला थोडा कापूस आपल्याच वऱ्हाडातून बोटीने गेला असेल, असं मला लेखात लिहायचा मोह झाला होता. पुरावा नाही म्हणून मी ते वाक्य खोडलं होतं.

त्या पेटी बंद करायला वाकल्या आणि तशाच वाकलेल्या राहून म्हणाल्या, "लगन होऊन आली तवापासून हे झाड मीच सजवतो. सासू गेली, बुढा गेला, पोरगं पुन्याले गेलं. हे एक काम राह्यलं माह्या हाताले. तेबी नेलं त मी तठी जाऊन बसू कायले?"

मी पुरावा बघायला आले होते, म्हातारपण बघायला नाही.

संध्याकाळी चर्च बघितलं. पत्र्याचं छप्पर, निळ्या भिंती, वेदीजवळ नवं प्लास्टिकचं झाड, त्याच्यावर विजेची माळ. लुकलुक, लुकलुक. पाळकसाहेब तिशीतले, कडक इस्त्रीचा शर्ट, हात मागे बांधलेले. माणूस वाईट नव्हता. मला चहा देताना त्यांनी सरळच सांगितलं, "मी ख्रिस्ती घरात जन्मलो नाही. मंगरूळपीरकडचं शेतकऱ्याचं घर. माय अजून गावी आहे, तिची पूजाअर्चा चालू असते. मी ते सगळं सोडून आलो, तेव्हा तिने मला वर्षभर तोंड दाखवू दिलं नाही. इतकं मोल देऊन मी जे सोडलं, ते मागच्या दाराने चर्चमध्ये येऊ द्यायचं?"

मी त्यांना म्हटलं नाही की ज्या झाडाची ही प्लास्टिकची नक्कल, त्याचं मूळही काही वेदीवर सापडत नाही. जर्मन गावांत नाताळच्या आदल्या दिवशी आदाम-हव्वेचं नाटक व्हायचं, त्यात सफरचंदं टांगलेलं झाड लागायचं. कारागिरांच्या संघांच्या दिवाणखान्यात झाड उभं करून त्याला खाऊ बांधायचे, नंतर पोरं ते झाड हलवून लुटायची. पुढे इंग्लंडच्या एका राणीचा नवरा जर्मन निघाला, त्यांच्या घरच्या झाडाचं चित्र पेपरात आलं आणि जग त्या झाडाच्या मागे लागलं. पण हे सांगायला मला बोलावलं नव्हतं. मला पऱ्हाटी तपासायची होती.

"झाड येतं कुठून?" मी विचारलं.

"तेच आजी सांगत नाहीत," पाळकसाहेब म्हणाले. "मला संशय येतो तो तिथेच."

मलाही.

शिरपूर

दुसऱ्या दिवशी मी मार्थाबाईंना म्हटलं, झाड आणायला जाल तेव्हा मला न्या. त्यांनी बराच वेळ चूल फुंकली. मग म्हणाल्या, "चाला. पन तठी जाऊन तोंड सांभाळसान."

गाडी शेजारच्या गौतमभाऊंची. एसटीतून निवृत्त झालेले, बौद्ध घरातले, मार्थाबाईंना 'मावशी' म्हणणारे. झाडाची ही वार्षिक वाहतूक त्यांच्याकडेच. त्यांच्या गच्चीवर एक पाचरंगी कागदी कंदील लटकत होता. माझ्या प्रवासाचं कारण ऐकून ते स्टिअरिंगवर हात मारून हसले.

"मूळ शोधून राह्यल्या काय? आमचं सोपं हाये बाई. आमचं मूळ इचारसान त तारीख सांगतो, जागा सांगतो, मानूस सांगतो. तुमचंच काम आंधळ्या कोशिंबिरीचं."

"आणि तुमच्या गच्चीवरचा तो कंदील?"

"सांगाडा दिवाळीचाच. कागद तेवढे पाच रंगाचे लावले. लपवाचं कायले?"

इतक्या लवकर कबुली देणारा माणूस मला डेअरीत कधी भेटला नव्हता. आमच्या नाताळच्या कागदी ताऱ्याचंही म्हणे असंच. जर्मनीतल्या कुठल्याशा शाळेत मुलांना भूमिती शिकवायला कागदाची टोकं जोडत बसले, त्याचा तारा झाला. त्या मास्तरांना बेथलेहेम आठवलं होतं की कोन, कोणास ठाऊक.

शिरपूरला गाडी थांबली. तिथे जुनं जैन मंदिर आहे आणि मूर्ती अधांतरी आहे, खालून धागा जातो, असं सांगतात. यात्रेकरूंच्या बसेस लागल्या होत्या. माझे पाय आपोआप देवळाकडे वळले आणि मान आपोआप खाली, धागा जातो ते नेमकं कुठून, हे बघायला. चहाच्या टपरीवरच्या बाईंनी मला अडवलं. "आवं बाई, दर्शनाले जाता का पंक्चर शोधाले?" मार्थाबाई पदरात तोंड खुपसून हसल्या. कालपासून पहिल्यांदाच. मी दर्शन न घेता चहा घेतला. चहात पाणी फार होतं, पण मी बोलले नाही.

किन्हीराजा

वाशीमकडचं मालेगाव मागे टाकून किन्हीराजाला पोचलो. गावाबाहेर वच्छलाबाईंचं वावर. मार्थाबाईंचं माहेर याच गावचं, आणि वच्छलाबाई त्यांची लहानपणापासूनची, गावातच लग्न झालेली मैत्रीण. ठेंगणी, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात विळा. दोघी भेटल्या त्या एकमेकींना शिव्या देतच.

"मेली नाई काय व अजून?"

"तुले झाड कोन देईन मंग?"

वावर सगळं हरभऱ्याचं. पण एका कडेला कपाशीची चार तासं, म्हणजे ओळी. वेचून गेलेली, करपलेली, काड्या काड्या. आणि त्यांच्या मधोमध एकच झाड, माझ्या खांद्याइतकं, बोंडांनी फुललेलं. एकही बोंड वेचलेलं नाही. फोटोत होतं तसंच पांढरं. गोंद नव्हता.

मी जवळ गेले, वाकले, आणि मला हवं होतं ते सापडलं. बुडाशी खोडाला हळद लावलेली होती आणि तिच्यावर कुंकवाची बोटं. खाली मातीत वाळून गेलेले भाताचे दाणे. वरच्या बोंडांतला कापूस ओढून शेजारच्या काटकीपर्यंत धाग्यासारखा ताणलेला.

"हे काय?"

मार्थाबाई दुसरीकडे बघायला लागल्या. वच्छलाबाईंनी मात्र आनंदाने सांगितलं. "सीतादही! तुमच्याकडे नाई करत? पयली वेचनी कराच्या आंधी एका झाडाची पूजा करा लागते. दही-भात शिपडाचा, हळदकुंकू वाहाचं, या झाडाचा कापूस त्या झाडाले लावाचा. मंग वेचनी."

झालं. माझ्या डोक्यात लेख तयार झाला, शीर्षकासकट. पाळकसाहेबांचा संशय शंभर टक्के खरा होता. नाताळचं झाड म्हणजे सीतादहीचं झाड, शेतातून उचलून चर्चमध्ये नेलेलं. रडणारी मॅडम ही थाप. मला विजयाने गुदगुल्या व्हायला हव्या होत्या. थोड्या झाल्याही.

पण सवय जात नाही. एका नमुन्यावर निकाल द्यायचा नाही, दुसरा घ्यायचा.

"वच्छलाबाई, गावात सगळ्यांकडे पूजेचं झाड असं न वेचता ठेवतात?"

"नाई व. पूजा झाली का तेबी येचून घेतात. कापूस कोन सोडते?"

"मग तुम्ही का सोडता?"

त्यांनी माझ्याकडे वेडीकडे बघावं तसं पाहिलं. "काहून म्हंजे? इच्या नाताळाले लागते म्हनून! माह्या सासूनं सांगून ठेवलं, पूजेचं झाड खिरस्तावाच्या घरी जाते, त्याले हात लावाचा नाई. इचा नाताळ नसता त आमीबी येचलं असतं."

मी मार्थाबाईंकडे वळले. "आणि तुम्ही पूजेचंच झाड का नेता? दुसरं का नाही?"

"दुसरं रायतेच कुठी?" मार्थाबाई म्हणाल्या. "नाताळावरी सगळं वावर येचून जाते. हे इच्या पूजेपायी एक झाड उभं रायते, म्हनून आमचा नाताळ होते."

ही म्हणते तिच्यामुळे, ती म्हणते हिच्यामुळे. दोघी खोटं बोलत नव्हत्या. माझा त्यावर हात बसलेला आहे, मला कळतं. मी हरभऱ्याच्या बांधावर बसून घेतलं. दोन्ही नमुने शुद्ध आणि दोन्हींत भेसळ. अशी नोंद करायला आमच्या डेअरीत रकानाच नव्हता.

"पण पहिल्यांदा कोणी नेलं?" मी शेवटचा प्रयत्न केला. "ती मॅडम?"

वच्छलाबाई हसत सुटल्या. "कोनती मॅडम? मास्तर होता तो! माह्या सासऱ्यानं पाह्यलेला. नगरकडून आलता, इच्या सासऱ्याच्या घरी उतरलेला, लोकायले येशूची गानी शिकवे. म्हने नाताळाले सरकीची फांदी लागते, सरकीची फांदी आना. इचा सासरा माह्या सासऱ्याचा दोस्त, रिसोडाहून आला आमच्या वावरात. पाहाते त सगळं येचलेलं, हे एकच झाड राह्यलेलं, सीतादहीचं. नवस होता का काय, तवा नव्हतं येचलं. तेच उपटून नेलं."

सरकी म्हणजे कपाशीचं बी. इकडे कोणी कोणी झाडालाही म्हणतात. माझे कान टवकारले ते 'नगरकडून' या शब्दाला.

"सरकीची म्हणाला? का सुरूची?"

"सुरू म्हंजे?"

सुरू म्हणजे काय, हे त्या दोघींना सांगताना मला बांधावर उभं राहावं लागलं. आमच्या नगरला नाताळात सुरूच्या फांद्या आणतात. उंच, सुयांसारख्या पानांचं झाड, लांबून विलायती झाडासारखं दिसतं. माझ्या लहानपणी वडील सायकलच्या कॅरिअरला सुरूची फांदी बांधून आणायचे आणि आई तिच्यावर कापूस पिंजून टाकायची. नगरच्या माणसाला नाताळ म्हटलं की सुरू. तो मास्तर या मुलखात आला आणि त्याने सुरूची फांदी मागितली. इथे सुरू कोणी बघितलेला नाही. ऐकणाऱ्याने आपल्याला ठाऊक होतं ते ऐकलं: सरकीची.

"म्हंजे आयकन्यात चूक झाली म्हना," मार्थाबाई हळूच म्हणाल्या.

"हो. आणि मास्तर काही बोलला नाही?"

"सासरा सांगे, मास्तर झाडाकडे पाहून लय येळ हासला. मंग म्हने, राहू द्या, याले कापूस लावाचं काम नाई."

"मग ही रडणारी मॅडम?"

मार्थाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "ते मी पोराईले सांगतो. हासनाऱ्या मास्तरची गोष्ट कोन आयकते? मॅडम रडली म्हनलं का पोरं चूप बसतात."

मी म्हटलं होतं ना, साय वरून टाकलेली आहे!

झाड विळ्याने बुडापासून कापलं. उचलताना मार्थाबाईंनी पदराचं टोक थुंकीने ओलं केलं आणि खोडावरची हळद पुसायला वाकल्या. वच्छलाबाईंनी त्यांचा हात धरला.

"पुसू नोको. ते माही हाये."

"पाळक पाह्यन व."

"पाहू दे. झाड घेतं त पुरं घे."

मग मार्थाबाईंनी पदर खोचला आणि खोडाला लाल कापड गुंडाळलं, हळदीच्या वरून. वच्छलाबाईंनी बोरांनी भरलेली ओंजळ त्यांच्या पिशवीत टाकली. सफरचंदं नसतील तिथे बोरं, हे मी मनात लिहून घेतलं आणि लगेच स्वतःवर संशय घेतला.

परतीच्या वाटेवर झाड मागच्या सीटवर मार्थाबाईंच्या मांडीवर आडवं होतं. गचका बसला की एखादं बोंड गळायचं आणि त्या ते वेचून पिशवीत टाकायच्या.

"काय सांगसान पाळकाले?" त्यांनी विचारलं.

"खरं."

"सांगा. पन सगळं सांगा लागन मंग. अर्धं नोका सांगू."

गौतमभाऊंनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि गाडीचा वेग कमी केला.

पुन्हा रिसोड

चर्चमध्ये पाळकसाहेब एकटेच होते. प्लास्टिकचं झाड लुकलुकत होतं. मार्थाबाईंनी पऱ्हाटी मातीने भरलेल्या डब्यात रोवली, कापड सारखं केलं आणि दाराजवळ जाऊन उभ्या राहिल्या, चपला पायात ठेवूनच. बाहेर पडायची तयारी ठेवून उभं राहतात तशा.

मी सांगायला सुरुवात केली. नगरचा मास्तर, सुरू, सरकी. पाळकसाहेबांचा चेहरा हळूहळू सैल झाला. ते चक्क हसले.

"म्हणजे ऐकण्याची चूक. एका प्रचारकाने मागितलं, चुकून दुसरं आलं. मग हे आपल्यातूनच आलेलं आहे की!"

"आमच्या नगरहून आलं," मी म्हटलं. इथे थांबता आलं असतं. इथपर्यंतचा प्रत्येक शब्द खरा होता. मार्थाबाई दारात उभ्या होत्या आणि मला फार वाटलं, थांबावं.

पाळकसाहेबांनी विचारलं, "यात दुसरं काही मिसळलेलं नाही ना?"

नेमका हाच प्रश्न मी सगळी हयात दुसऱ्यांना विचारत आले होते, आणि 'नाही' म्हणणाऱ्यांचे डोळे कसे दिसतात हे मला माहीत होतं.

"आहे," मी म्हटलं. "कापड वर करून बघा."

मार्थाबाईंनी डोळे मिटून घेतले. वाटलं, हे सांगायला मी एवढ्या लांबून कशाला आले? पाळकसाहेब डब्यापाशी उकिडवे बसले. त्यांनी कापड वर केलं. हळद होती, कुंकवाची बोटं होती, ओढलेल्या कापसाचा एक धागा खोडाला चिकटून आला होता. मग त्यांनी एक बोट त्या हळदीवरून फिरवलं, अगदी हळू. बोट पिवळं झालं. त्यांनी ते इस्त्रीच्या शर्टाला पुसलं नाही. मूठ मिटून घेतली.

"सीतादहीचं हाये हे," ते म्हणाले. पुस्तकी मराठी कुठे गेली कोणास ठाऊक. "कोनाच्या वावरातलं?"

"किन्हीराजाचं," मार्थाबाई म्हणाल्या. "वच्छलाच्या."

"माही मायबी अशीच बोटं ओढते. चार. खालून वर."

भिंतीवर प्लास्टिकच्या झाडाची लुकलुक चालूच होती. पाळकसाहेबांनी कापड खाली सोडलं, नीट चापून बसवलं. मग दोन्ही हातांनी डबा धरून झाड फिरवलं, हळदीची बाजू भिंतीकडे जाईल इतकं. उभे राहिले, दोन पावलं मागे सरले, आणि पुन्हा त्यांच्या फोनवरच्या आवाजात म्हणाले, "थोडं तिरपं होतं."

झाड तिरपं नव्हतं. तिरपं काय आणि सरळ काय, हे मला डोळ्यांनी कळतं. मी तोंड उघडलं होतं.

तेवढ्यात मार्थाबाई चपला दाराबाहेर काढून आत आल्या, घरून आणलेली पेटी उघडली, सुईदोरा आणि बोरांची पिशवी माझ्या हातात दिली.

"हो बाप्पा," त्या पाळकसाहेबांना म्हणाल्या. "आता झालं सरळ."